जुन्या गाडीला नवी बॅटरी : शिशाच्या घटाची एक कहाणी

मे महिन्याची सुट्टी गावी घालवून परतलेल्या मंडळींना पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये एक अनुभव हमखास येतो. तीन-चार आठवडे उभी असलेली मोटार किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक्’ करते आणि गप्प बसते. शेजारीपाजारी लगेच निदान करतात, “बॅटरी गेली.” मग चौकातल्या दुकानात जायचे. तेथे दुकानदार चार प्रकारच्या बॅटऱ्या पुढे ठेवतो. एकीत अधूनमधून पाणी घालावे लागते, दुसरीत क्वचित घालावे लागते, तिसरीला उघडता येतील अशी बुचेच नाहीत आणि चौथी सगळ्यांत महाग. गाडी नवी असेल तर तिच्या पुस्तिकेत उत्तर सापडते. पण वीस-पंचवीस वर्षे जुन्या गाडीची पुस्तिका केव्हाच गहाळ झालेली असते, आणि आज दुकानात असलेल्या निम्म्या प्रकारांचा तिच्यात उल्लेखही नसतो. तेव्हा बहुतेक लोक ‘महाग ती चांगली’ हा नियम लावतात.

हा नियम बरोबर आहे का? आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तर बॅटरीच्या इतिहासात आहे. बॅटरी ही कधीच एकटी वस्तू नव्हती. ती आणि तिला भारित करणारे यंत्र यांची जोडी असते. जोडीतला एक बदलला की दुसऱ्याला बदलावे लागते. जुन्या गाडीत भारित करणारे यंत्र तिच्या काळातले असते आणि आपण आणतो ती बॅटरी आजची असते. अडचण नेमकी येथे आहे.

भारित करणारे यंत्र नसताना जन्मलेला घट

व्होल्टाने १८०० साली पहिला विद्युतघट जाहीर केला. त्यातील जस्त संपले की घट संपे. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, १८५९ मध्ये, फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी पुन्हापुन्हा भारित करता येईल असा घट तयार केला. प्लांते अभ्यास करीत होते तो विद्युत-अपघटनात आड येणाऱ्या एका गोष्टीचा. प्रवाह थांबवल्यावर पट्ट्यांमधून काही काळ उलट दिशेने प्रवाह मिळतो. इतरांच्या दृष्टीने ती कटकट होती. कोणत्या धातूत हा उलटा प्रवाह सर्वांत जोरकस असतो, हे प्लांते यांनी तपासले आणि शिसे पहिले आले. शिशाचे दोन पत्रे, मध्ये अंतर ठेवणाऱ्या पट्ट्या, सगळ्याची गुंडाळी आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडवलेली, असा त्यांचा घट होता. १८६० मध्ये त्यांनी अशा नऊ घटांची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

पण ती भारित कशाने करायची? तेव्हा कामचलाऊ डायनामो नव्हता. एकदा वापरून संपणाऱ्या इतर घटांनीच हा घट भारित करावा लागे. म्हणजे एका हंड्यातले पाणी दुसऱ्यात ओतण्यासारखेच ते होते. १८७० च्या सुमारास ग्रॅम यांचा डायनामो आला आणि मग प्लांते यांच्या घटाला अर्थ प्राप्त झाला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशावर त्याच्या ऑक्साइडचा लगदा लिंपण्याची युक्ती काढली. त्याच सुमारास लगदा धरून ठेवणारी जाळीही आली. आज बाजारात मिळणारी बॅटरी मूलतः हीच आहे.

तिच्यातील क्रिया शाळेत शिकवली जाते. ऋण पट्टीवर शिसे आणि धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड असते. वीज देताना दोन्हींचे शिशाच्या सल्फेटात रूपांतर होते, आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. म्हणून आम्लाची घनता मोजून बॅटरी किती भरलेली आहे ते सांगता येते. पूर्ण भारित अवस्थेत आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६ च्या आसपास असते आणि उतरलेल्या बॅटरीत ते १.१५ च्याही खाली जाते. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून सहा घटांचा सुमारे १२.६ व्होल्ट.

या २.१ व्होल्टांबद्दल एक नवलाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. राजीव आहुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार यांतील सुमारे १.७ ते १.८ व्होल्ट शिशाच्या अणूतील सापेक्षतावादी परिणामांमुळे मिळतात. शिशाचे अणुकेंद्र इतके जड आणि धनभारित आहे की त्याच्याजवळील इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या दखल घेण्याजोग्या अंशापर्यंत जातो. शिशाच्याच गटातील हलक्या कथिलाची अशी बॅटरी का होत नाही, याचा उलगडा त्यातून होतो.

पाण्याचे न फुटणे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. बॅटरीतील आम्लात भरपूर पाणी असते आणि घटाचा दाब तर २.१ व्होल्ट असतो. मग उभ्या बॅटरीतील पाणी आपोआप का फुटून जात नाही? कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू तयार होण्याची क्रिया विलक्षण मंद असते. ऊर्जेच्या हिशेबाने जी क्रिया घडायला हवी, ती गतीच्या हिशेबाने घडत नाही. शिसे-आम्ल बॅटरी या मंदपणावरच टिकून आहे. भारित करताना मात्र दाब घटामागे सुमारे २.४ व्होल्टांवर, म्हणजे सहा घटांना सुमारे १४.४ व्होल्टांवर गेला की पाणी वेगाने फुटू लागते. बॅटरी ‘उकळते’ असे गॅरेजमध्ये म्हणतात ते हेच.

शुद्ध शिसे मऊ असते. जाळी मजबूत व्हावी म्हणून १८८१ पासून तिच्यात अँटिमनी मिसळू लागले. त्याने जाळी टणक झाली, खोलवर उतरलेली बॅटरी पुन्हा भरून घेण्याची क्षमताही वाढली. पण अँटिमनीचा एक दोष आहे. धन जाळी झिजते तसे ते आम्लात उतरते आणि ऋण पट्टीवर जाऊन बसते. तेथे हायड्रोजन तयार होणे सोपे होते, म्हणजे वर सांगितलेला मंदपणा कमी होतो. म्हणून अशी बॅटरी जसजशी जुनी होते तसतशी त्याच दाबाला अधिक उकळते आणि अधिक पाणी पिते. दर काही आठवड्यांनी बुचे उघडून पाणी घालण्याची एका पिढीची सवय या अँटिमनीने लावली.

१९३५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हेरिंग आणि थॉमस यांनी टेलिफोन केंद्रांच्या बॅटऱ्यांसाठी अँटिमनीऐवजी थोडेसे कॅल्शियम वापरण्याचे सुचवले. एक हजारात एका भागाहूनही कमी कॅल्शियम पुरते. पाणी फारसे फुटत नाही, उभ्या उभ्या बॅटरी उतरण्याचा वेगही कमी होतो. १९७० च्या दशकात ही जाळी मोटारींच्या बॅटरीत आली आणि ‘मेंटेनन्स फ्री’ हा शब्द दुकानांत पोचला. त्याच दशकात काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणारी बंद बॅटरी तयार झाली. तिलाच आज ‘एजीएम’ म्हणतात.

कॅल्शियमची किंमतही मोजावी लागते. ही बॅटरी पूर्ण भारित व्हायला सर्वसाधारणपणे थोडा जास्त दाब लागतो, १४.४ व्होल्ट किंवा त्याहून किंचित अधिक. शिवाय ती पूर्ण उतरली तर अँटिमनीवाल्या बॅटरीइतकी सहज सावरत नाही.

हँडलपासून अल्टरनेटरपर्यंत

मोटारीत बॅटरीला खरे काम मिळाले ते १९१२ मध्ये. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. त्यापूर्वी हँडल मारूनच इंजिन सुरू करावे लागे. आपल्याकडे अँबॅसिडर आणि जीप गाड्यांबरोबर असे हँडल पुढे कितीतरी वर्षे मिळत असे.

स्टार्टर किती वीज खातो? लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर १५० अँपिअर प्रवाह दोन सेकंद घेतो असे धरू. म्हणजे ३०० कूलोम विद्युतभार. एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम, तेव्हा हा खर्च एका अँपिअर-तासाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. पाच अँपिअर दराने तो एका मिनिटात भरून निघतो. मोटारीच्या बॅटरीत साठा मोठा असण्यापेक्षा क्षणभर प्रचंड प्रवाह देता येणे महत्त्वाचे असते. त्यासाठी तिच्यात पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत जाड पट्ट्या असतात, कारण तिला तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह द्यायचा असतो. एकीच्या जागी दुसरी लावू नये ती यासाठी.

भारित करण्याचे काम आधी डायनामो करी. गाडी उभी राहून इंजिन हळू चालत असेल तर डायनामो काहीच देत नसे, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागे. दाब ताब्यात ठेवायला स्प्रिंग आणि विद्युतचुंबकाचा रेग्युलेटर असे, आणि स्प्रिंग सैल झाली की दाब बदले. अँटिमनीवाली बॅटरी या ढिसाळ सोबत्याला साजेशी होती. दाब जास्त झाला तर ती पाणी गमावी, आपण ते घालत असू. १९५० च्या दशकात सिलिकॉनचे डायोड आले. त्यांच्यामुळे प्रत्यावर्ती प्रवाह गाडीतच दिष्ट करता येऊ लागला. १९६० पासून अमेरिकेत आणि नंतर सर्वत्र डायनामोच्या जागी अल्टरनेटर आले. अल्टरनेटर मंद गतीलाही प्रवाह देतो आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दाब स्थिर राखतो. असा भरवशाचा सोबती मिळाल्यावरच पाणी न मागणारी बॅटरी मोटारीत निभावून गेली.

यंत्र बदलले तरी सवयी मागे राहतात. डायनामोच्या काळात ‘चार्जिंग होते का’ हे पाहायला इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघत. हाच प्रयोग अल्टरनेटरच्या गाडीवर केला, तर दाब एकाएकी उसळून डायोड आणि इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. तरीही तो अजून अधूनमधून केलेला दिसतो.

पवनेच्या दोन तीरांवर

ही कहाणी आपल्या परिसरातही घडली. शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा एक मोठा भारतीय कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला सुरू झाला. कंपनीचे नाव तेव्हा असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न) होते, पुढे ते क्लोराइड झाले आणि १९९५ पासून एक्साइड इंडस्ट्रीज झाले. तिचा पहिला कारखाना बंगालमध्ये श्यामनगरला १९४६ साली निघाला होता. पिंपरीला टेल्कोच्या मालमोटारी आणि आकुर्डीला बजाजच्या स्कूटर याच पट्ट्यात तयार होऊ लागल्या. गंमत अशी की बजाजच्या अनेक चेतक स्कूटर बॅटरीशिवायच धावल्या. किक मारली की फ्लायव्हील मॅग्नेटो ठिणगीही देई आणि दिवाही लावी. इंजिन बंद पडले की दिवाही बंद.

डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोने इंडिका मोटार सादर केली, तीही पिंपरीच्याच कारखान्यातली. त्यावेळी नदीच्या या बाजूला पिंपळे सौदागर बरेचसे शेतीचेच गाव होते. पुढच्या पंचवीस वर्षांत येथे उंच इमारती आल्या, हिंजवडीला जाणारी मंडळी राहायला आली आणि गाड्या आठवडाभर तळघरात उभ्या राहू लागल्या. गाडी उभी असली तरी घड्याळ, गजराची यंत्रणा आणि इंजिनाचा संगणक थोडा प्रवाह घेतच असतात. तो ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची! म्हणजे सुट्टीनंतर गप्प बसलेल्या गाडीची बॅटरी ‘गेलेली’ असेलच असे नाही. ती कदाचित फक्त उतरलेली असेल.

मग निवड कशी करावी?

आधी मल्टिमीटर घ्यावा. बॅटरी बाहेर पूर्ण भारित करून काही तास तशीच ठेवावी. दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास टिकला तर ती अजून कामाची असू शकते. स्टार्टर फिरत असताना दाब साधारण ९.६ व्होल्टांखाली कोसळला तर ती थकलेली आहे. इंजिन जरा वेगात चालवून पुन्हा मोजावे. १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर भारण ठीक आहे. १३ च्या खाली असेल तर दोष पट्ट्याचा, अल्टरनेटरचा किंवा गंजलेल्या टोकांचा असतो, आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर आधी दुरुस्त करावा.

हा शेवटचा आकडाच निवड ठरवतो. गाडी डायनामोची असेल तर बुचे असलेली, अल्प अँटिमनीची साधी बॅटरी घ्यावी. दाब कमी-जास्त झाला तर पाण्याच्या पातळीवरून ते आपल्याला कळते. बंद बॅटरी त्याच दाबाखाली आतून कोरडी पडते आणि बाहेरून काही दिसत नाही. ब्रिटिश घराण्यातील १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्यांत धन टोक चॅसीला जोडलेले असते, हेही तपासावे. मारुती ८०० किंवा इंडिका यांसारख्या अल्टरनेटरच्या जुन्या गाडीत दाब १४.२ ते १४.४ मिळत असेल तर धन जाळीत थोडे अँटिमनी आणि ऋण जाळीत कॅल्शियम असलेली संमिश्र बॅटरी किंवा पूर्ण कॅल्शियमची बॅटरी चालते. १३.८ च आणि रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचा असेल तर कॅल्शियमची बॅटरी कायम अर्धपोटी राहील, पट्ट्यांवर सल्फेटाचे कठीण स्फटिक साठतील आणि ती अकाली जाईल. महागडी एजीएम अशा गाडीत पैसे वाया घालवणे ठरते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या अलीकडच्या गाडीत मात्र उलट नियम आहे. तिला कारखान्याने एजीएम किंवा सुधारित पाण्याची, ‘ईएफबी’ प्रकारची बॅटरी दिली असेल तर स्वस्तातली साधी लावू नये.

क्षमता मूळ बॅटरीइतकीच असावी. थोडी मोठी ‘भरतच नाही’ हा समज चुकीचा आहे, कारण जितके वापरले तितकेच परत भरायचे असते. पण ती खाचेत घट्ट बसली पाहिजे आणि वायरी ताण न पडता पोचल्या पाहिजेत. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, म्हणून त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा मोठी बॅटरी लागते. कोल्ड क्रँकिंगचा आकडा उणे १८ अंश सेल्सियसला मोजलेला असतो. पुण्यात त्याचा उपयोग दोन बॅटऱ्यांची तुलना करण्यापुरता. आपल्याकडे बॅटरीला मारते ते ऊन, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की झिजेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उत्पादनाची तारीख पाहून ताजी बॅटरी घ्यावी. हमीपत्रातील पहिल्या काही महिन्यांतच बॅटरी फुकट बदलून मिळते आणि उरलेल्या काळात फक्त किमतीत सूट मिळते, हे वाचून घ्यावे. बदलताना चॅसीला जोडलेले टोक आधी काढावे आणि शेवटी लावावे.

जुनी बॅटरी कोठे जाते?

बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे आणि त्याची संयुगे यांचा असतो. ते जवळजवळ सगळे वितळवून पुन्हा वापरता येते. नीट चाललेल्या कारखान्यात हे घडले तर त्यासारखी चांगली गोष्ट नाही. पण उघड्यावर बॅटऱ्या फोडून, आम्ल मातीत ओतून, भट्टीत शिसे वितळवले तर त्याची धूळ आसपासच्या मुलांच्या शरीरात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील तीनांपैकी सुमारे एका मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे. जुन्या बॅटऱ्यांचे असुरक्षित पुनर्चक्रण हे त्याचे एक मोठे कारण म्हणून त्यात दिले आहे. शिसे वाढत्या मेंदूवर परिणाम करते. शिकणे, लक्ष देणे, लक्षात ठेवणे या क्षमता त्यामुळे कमी होतात आणि झालेली हानी भरून येत नाही. आपल्या वर्गात मागे पडणाऱ्या एखाद्या मुलामागे हे कारण असू शकते, हा विचार शिक्षकांनी तरी करायला हवा.

भारतात जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २००१ मध्ये झाले. २०२२ च्या नव्या नियमांनी ही जबाबदारी मुख्यतः उत्पादकांवर टाकली. आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. जुनी बॅटरी दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला न देता नवी घेतानाच अधिकृत विक्रेत्याला परत द्यावी आणि बिलात तिची वजावट लिहून घ्यावी. भंगारवाला शंभर रुपये जास्त देत असला तरी ते शंभर रुपये कोणाच्या तरी अंगणातल्या मातीतून आलेले असतात.

वर्गात करण्यासारखा एक उपक्रम सुचवतो. शाळेच्या आवारात येणाऱ्या पाच-सहा गाड्यांचे निर्मितीवर्ष, उभ्या स्थितीतील दाब आणि इंजिन चालू असतानाचा दाब यांचा तक्ता नववी-दहावीच्या मुलांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घ्यावा. टोकांमध्ये पाना किंवा अंगठी येऊ देऊ नये, बॅटरीजवळ काडी पेटवू नये, आम्लाला हात लावू नये. तक्ता झाला की मुलांना एकच प्रश्न विचारावा : यांतील कोणत्या गाडीला बंद बॅटरी चालेल, आणि का? त्याचे उत्तर देताना त्यांना प्लांते, अँटिमनी, डायोड आणि पाण्याचे विघटन हे सारे एकत्र आणावे लागेल.